पाण्याखालचा मावळ

मुंबईच्या गिरण्यांना वीज कोठून येई, हे आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांनी फारसे विचारले नाही. मुळशीच्या तलावाखालची गावे शोधायची, तर धरणापूर्वीचाच नकाशा काढावा लागतो. तेथे आंबेमोहोर पिकविणाऱ्या मावळ्यांची भातखाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, हे मावळे टाटांच्या धरणाचे काम अडवून बसले. पुढे सेनापती बापटांनी तुरुंग पत्करला. पण पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली. त्यांना मोबदला हवा होता, कुळाला खाचर. फूट तेथेच पडली. १९२४ मध्ये लढा संपला. १९२७ पासून ते पाणी कोकणात भिऱ्याला उतरून वीज करू लागले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. मागण्यांत मुळशी नव्हती.