ओपन सोर्स आणि कंपन्या: निवडीच्या निकषांचा इतिहास

संगणकयुगाच्या पहिल्या दोन दशकांत सॉफ्टवेअर वेगळे विकत घ्यावे लागत नसे. कंपनीने मोठा संगणक भाड्याने घेतला की त्याबरोबर प्रोग्रॅमही येत, आणि त्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, ग्राहकाला वाचता येई, बदलताही येई. आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्यांनी १९५५ साली अमेरिकेत ‘शेअर’ नावाचा संघ काढला. विमाने बनवणाऱ्या कंपन्यांचा त्यात पुढाकार होता. बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या या कंपन्या प्रोग्रॅमची मात्र देवाणघेवाण करत, कारण तेच ते गणिती काम प्रत्येकीने नव्याने लिहून घेण्यात पैसा आणि वेळ दोन्ही वाया जात होते.

ही रीत १९६९ नंतर बदलत गेली. मक्तेदारीविरोधी खटल्याच्या छायेत आयबीएमने त्या वर्षी जूनमध्ये सॉफ्टवेअर आणि सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी लावण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विक्रीचा माल ठरला आणि मालाचे गुपित जपणे ओघाने आले. १९८३ मध्ये आयबीएमने नव्या उत्पादनांचा सोर्स कोड ग्राहकांना न देण्याचे धोरण घोषित केले. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचीही वाटचाल याच दिशेने झाली. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला संगणकव्यवसायात उतरता येत नव्हते, म्हणून तिच्या बेल लॅब्जमध्ये तयार झालेली युनिक्स विद्यापीठांना अल्प शुल्कात सोर्स कोडसह मिळे. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले, ते बंधन सुटले आणि युनिक्सचे परवाने महाग झाले.

याच सुमारास, सप्टेंबर १९८३ मध्ये, एमआयटीतील प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम उभारणे हा त्याचा हेतू होता. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना सिद्ध केला. जीपीएलचा प्रोग्रॅम कोणीही बदलावा, विकावासुद्धा. पण तो दुसऱ्याच्या हाती देताना बदलांसह सोर्स कोड त्याच अटींवर द्यावा, ही त्याची मुख्य अट. पैसे घेण्याला स्टॉलमन यांचा विरोध नव्हता. ‘ईमॅक्स’ या आपल्या मजकूर-संपादन प्रोग्रॅमच्या टेप ते स्वतः १५० डॉलरला विकत.

जो प्रोग्रॅम कोणालाही उतरवून घेता येतो त्यावर धंदा कसा करायचा, याचे पहिले ठोस उत्तर १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या सिग्नस या कंपनीने दिले. तिचे मुख्य ग्राहक चिप बनवणारे होते. नवा प्रोसेसर बाजारात आणायचा तर त्यासाठी कंपायलर, म्हणजे सोर्स कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, हवा, आणि तो शून्यापासून लिहिणे परवडत नसे. ग्नूचा जीसीसी हा कंपायलर त्या प्रोसेसरवर चालवून देणे, त्यातले दोष काढणे आणि अडचण आली तर उत्तर देणे, याचे पैसे सिग्नस घेई. तयार झालेला कोड सर्वांना खुला राही. ग्राहक पैसे मोजत होता ते माणसांच्या कौशल्यासाठी आणि जबाबदारीसाठी. पुढच्या तीसहून अधिक वर्षांत कंपन्यांनी ओपन सोर्स घेताना लावलेले निकष वेळोवेळी बदलले, तरी ‘बिघडले तर जबाबदार कोण’ हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या रूपात पुढे आला.

नव्वदच्या दशकात बहुतेक कंपन्यांत हे सॉफ्टवेअर वरिष्ठांच्या निर्णयाने आलेच नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९२ मध्ये जीपीएलखाली आली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबा या प्रोग्रॅमचे काम सुरू केले. त्याच्या मदतीने लिनक्सचे यंत्र विंडोज संगणकांना फाइल आणि प्रिंटर पुरवू शके. सिस्टिम सांभाळणारा कर्मचारी अडगळीतला जुना पीसी काढी, त्यावर लिनक्स आणि सांबा चढवी आणि काम भागवी. बिल नाही, खरेदीचा आदेश नाही, त्यामुळे खरेदी विभागाला त्याचा पत्ताही नसे.

अपाची वेब सर्व्हरचा प्रसार असाच झाला. एनसीएसए या संशोधन संस्थेच्या सर्व्हरचे काम रेंगाळल्यावर १९९५ च्या आरंभी काही वेबमास्टरांनी ईमेलवरून आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती काढली. वर्षभरात, १९९६ च्या एप्रिलपर्यंत, नेटक्राफ्टच्या पाहणीत तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर ठरला होता. या टप्प्यावर निवडीचा निकष साधा होता: काम होते का, आणि अडले तर सोर्स उघडून आपल्याला दुरुस्त करता येते का. जबाबदारी वापरणाऱ्याचीच होती.

१९९८ मध्ये हा विषय संचालक मंडळांपर्यंत पोचला. जानेवारीत नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ करण्याचे ठरले आणि ब्रूस पेरेन्स व एरिक रेमंड यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था काढली. कोणता परवाना ओपन सोर्स मानायचा याची व्याख्या आणि मान्य परवान्यांची यादी तिने दिल्यामुळे कंपन्यांच्या वकिलांच्या हाती एक मोजमाप आले. जूनमध्ये आयबीएमने स्वतःच्या वेबस्फिअर उत्पादनासाठी अपाची स्वीकारला. पण करार करायचा कोणाशी? अपाची गट म्हणजे ईमेलवर जमलेली माणसे. कायद्याच्या दृष्टीने त्याला अस्तित्व नव्हते. १९९९ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेची नोंदणी झाली त्यामागे ही गरजही होती. दरम्यान जुलै १९९८ मध्ये ओरॅकल आणि इन्फॉर्मिक्स यांनी आपले डेटाबेस लिनक्सवर आणण्याचे घोषित केले होते. बँकांच्या आणि कारखान्यांच्या दृष्टीने ही मोठी खूण होती, कारण त्यांचे काम डेटाबेसवर चाले.

रेड हॅटने जबाबदारीच्या प्रश्नाला किमतीचे रूप दिले. ही कंपनी सुरुवातीला लिनक्सच्या सीडी खोक्यात घालून विकत असे. ऑगस्ट १९९९ मध्ये तिचा शेअर १४ डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ५२ डॉलरच्या आसपास बंद झाला. खरा बदल मात्र २००२ मधल्या ‘एंटरप्राइझ’ आवृत्तीने घडला. लिनक्स दर काही महिन्यांनी बदलत होती. उलट बँकेला आपला सर्व्हर वर्षानुवर्षे जसाच्या तसा हवा होता. रेड हॅटने एक आवृत्ती गोठवली. नव्या आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती आली की तेवढीच मागे आणून जुन्या आवृत्तीत बसवायची, बाकी काहीही हलवायचे नाही, असे कष्टाचे काम तिने अंगावर घेतले. हार्डवेअर आणि डेटाबेस कंपन्यांकडून त्या आवृत्तीला प्रमाणपत्रे मिळवली आणि दर सर्व्हरमागे वार्षिक वर्गणी ठेवली. सोर्स सर्वांना खुला असल्याने २००४ पासून सेंटओएस ही तिची बिनपैशाची प्रतिकृतीही निघाली. पुष्कळ कंपन्या मुख्य कामाला रेड हॅट आणि चाचणीला सेंटओएस वापरत. म्हणजे वर्गणी कुठे भरायची हे यंत्र बंद पडल्यावर होणाऱ्या नुकसानीवर ठरे.

या काळात खर्चाचे गणितही उघड झाले. ॲमेझॉनने २००१ च्या एका तिमाहीत तंत्रज्ञानावरचा खर्च सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरवरून ५ कोटी ४० लाखांवर आणला आणि त्याचे बरेचसे श्रेय लिनक्सवर जाण्याला दिले. यात हार्डवेअरचाही वाटा होता, कारण महागड्या युनिक्स सर्व्हरची जागा साध्या इंटेल यंत्रांना घेता आली. त्याच वर्षासाठी आयबीएमने लिनक्सवर १०० कोटी डॉलर खर्चण्याचे जाहीर केले.

वापर वाढला तसा कायद्याचा प्रश्न पुढे आला. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घातल्याचा आरोप होता. लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांनाही तिने इशारेवजा पत्रे पाठवली. उत्तरादाखल एचपी, नॉव्हेल आणि रेड हॅट यांनी ग्राहकांना कायदेशीर संरक्षणाची हमी देऊ केली. युनिक्सचे हक्क नॉव्हेलकडेच असल्याचा निर्णय २००७ मध्ये झाला आणि एससीओचा डाव ढासळला. पण हमी मागण्याची सवय खरेदीच्या करारांत कायमची रुजली.

२००३ मध्येच लिंक्सिस राउटरच्या प्रकरणाने दुसरा धडा दिला. डब्ल्यूआरटी ५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स आहे, पण सोर्स दिलेला नाही, हे काही जाणकारांनी शोधले. सिस्कोने नुकतीच लिंक्सिस सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेतली होती. आतली चिप आणि तिचे सॉफ्टवेअर तिसऱ्याच पुरवठादाराचे होते. तरी राउटर ग्राहकाच्या हाती देणारी कंपनी लिंक्सिस, म्हणून जीपीएलची अट पाळण्याचा भार तिच्यावर आला. सोर्स प्रसिद्ध करावा लागला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. कंपनी विकत घेताना तिच्या उत्पादनांतला कोड परवान्यांसाठी तपासण्याची प्रथा अशा प्रकरणांनंतर वाढली. वकील परवान्यांची वर्गवारी करू लागले: एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे सैल अटींचे; जीपीएल सोर्स देण्याच्या अटीचा; आणि २००७ चा एजीपीएल सर्वांत कडक, कारण बदललेला प्रोग्रॅम नुसता नेटवर्कवरून वापरायला दिला तरी त्याचा सोर्स द्यावा लागतो. गूगलने आपल्या कामात एजीपीएलच्या कोडला बंदीच घातली.

मालकीचा प्रश्न मायएसक्यूएलच्या निमित्ताने कळला. ही स्वीडिश कंपनी एकच डेटाबेस दोन परवान्यांवर देत असे: जीपीएलवर विनामूल्य, आणि जीपीएलची अट नको असेल त्याला पैसे घेऊन. सर्व कोडचे हक्क स्वतःकडे असल्यानेच तिला हे जमे. २००८ मध्ये सन या संगणक कंपनीने ती १०० कोटी डॉलरला घेतली. २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली, म्हणजे मायएसक्यूएल एका स्पर्धकाच्या हाती पडला. मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी तोवर मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली होती. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस अनेकांना अधिक भरवशाचा वाटू लागला.

भारतात केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये ओपन सोर्स धोरण जाहीर केले. सरकारी यंत्रणांनी खरेदीत ओपन सोर्सला पसंती द्यावी आणि पुरवठादाराने ते वगळल्यास त्याचे कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्राचा या इतिहासातला एक धागा लिपीचा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्यावर प्रसिद्ध केले आणि त्यांची देखभाल तिच्या पुण्यातल्या कार्यालयातून झाली. लिनक्सवर मराठी नीट दिसण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

एप्रिल २०१४ मधल्या हार्टब्लीड दोषाने एक नवा निकष आणला: हा कोड सांभाळते कोण? ओपनएसएसएल हा सुरक्षित संपर्काचा कोड जगातल्या असंख्य सर्व्हरवर होता. त्याला चार अक्षरांचा निरोप पाठवून ‘हा ६४ किलोबाइटचा आहे, परत पाठव’ असे सांगितले, की तो लांबी न तपासता आपल्या स्मृतीतला शेजारचा मजकूर, प्रसंगी पासवर्डसुद्धा, पाठवून देई. आणि या प्रकल्पाला मिळणाऱ्या देणग्या होत्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा घटकात दोष सापडला, तेव्हा आपल्या कोणत्या प्रणालीत तो दडला आहे हेच अनेक कंपन्यांना सांगता येईना. सरकारला विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर त्यातल्या घटकांची यादी असावी असे अमेरिकी सरकारच्या मे २०२१ च्या आदेशात आधीच म्हटले होते. या दोषाने त्याची गरज पटवली. बंगळुरूच्या झिरोधाने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना दरवर्षी १० लाख डॉलर देणारा निधी सुरू केला, तो याच जाणिवेतून.

क्लाउडच्या काळात परवानेच बदलू लागले. आपला कोड मोठ्या क्लाउड कंपन्या सेवा म्हणून विकतात आणि आपल्याला काही मिळत नाही, अशी तक्रार करत मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये नव्या आवृत्त्या अधिक निर्बंधांच्या परवान्यांवर नेल्या. शेवटच्या तिन्हींच्या जुन्या मुक्त आवृत्त्यांवरून ओपनसर्च, ओपनटोफू आणि वाल्की या शाखा निघाल्या. इलॅस्टिक आणि रेडिस यांनी पुढे एजीपीएलचा पर्याय देऊन अंशतः माघार घेतली. सेंटओएसची जुनी पद्धत बंद करण्याचा निर्णय रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तेव्हाही रॉकी आणि अल्मा या दोन प्रतिकृती उभ्या राहिल्या.

आज मोठ्या कंपन्यांत ओपन सोर्ससाठी स्वतंत्र कक्ष असतो, आणि त्याच्या तपासणीत हा सगळा इतिहास निकषांच्या रूपाने उतरला आहे. परवाना कोणत्या वर्गातला, कोडचे हक्क एका कंपनीकडे की फाउंडेशनकडे, सांभाळणारे किती आणि त्यांचा पगार कोण देतो, सुरक्षेची दुरुस्ती किती दिवसांत येते, सपोर्टचा करार मिळतो का, आणि उद्या दुसरीकडे जायचे झाले तर डेटा बाहेर काढता येतो का, हे आधी पाहिले जाते. निवड झाल्यावर घटकाची यादीत नोंद होते आणि नवे दोष जाहीर होतील तसे स्वयंचलित साधने ती यादी ताडून पाहतात. जो घटक कंपनीच्या कामाचा कणा असतो, त्यात केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला परत देणे कंपन्यांना सोयीचे पडते, कारण स्वतःची वेगळी आवृत्ती दर वेळी नव्याने जुळवत बसण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.