व्हीडीआरएल रिपोर्टमधला आकडा म्हणजे जंतूचा प्रकार नव्हे! मग सेरोटायपिंग म्हणजे काय?

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात असो की गावातल्या आरोग्य केंद्रात, गरोदरपणात करायच्या रक्त तपासण्यांमध्ये सिफिलिसची तपासणी असते. लॅबच्या रिपोर्टवर ती बहुतेक वेळा 'व्हीडीआरएल' या नावाने दिसते. समोर 'रिॲक्टिव्ह १:८' असं काही लिहिलेलं असलं की घरात घबराट उडते. हा आकडा जंतूचा प्रकार सांगत नाही. रक्तातला द्रव भाग किती पट पातळ केला तरी चाचणी रिॲक्टिव्ह येते, एवढंच तो सांगतो. मलेरिया, ल्युपस, कधी नुसतं गरोदरपण यामुळेही ती खोटी रिॲक्टिव्ह येऊ शकते. म्हणून टीपीएचएसारखी दुसरी चाचणी करून खात्री करतात.

मग जंतूचा प्रकार कसा कळतो?

व्हीडीआरएलमध्ये रुग्णाच्या रक्तातल्या अँटीबॉडी शोधतात. सेरोटायपिंगमध्ये उलटं असतं. इथे अँटीबॉडी लॅबच्या असतात आणि रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेला जंतू त्यातल्या कोणत्या अँटीबॉडीला चिकटतो, ते पाहतात.

गनोरियाचं, म्हणजे जुन्या बोलीतल्या परम्याचं, उदाहरण घ्या. या जंतूच्या बाहेरच्या आवरणात 'पोर' नावाचं प्रोटीन असतं आणि त्याची घडण जंतूगणिक थोडी बदलते. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटीबॉडी बनवायची पद्धत शोधली, तेव्हा हे बारीक फरक टिपणं शक्य झालं. काचपट्टीवर जंतू आणि अँटीबॉडी मिसळायची. काही मिनिटांत गुठळ्या झाल्या तर जुळलं. कोणकोणत्या अँटीबॉडी जुळल्या त्यावरून जंतूला आयए किंवा आयबी गट आणि पुढे क्रमांक मिळतो. या उपप्रकाराला 'सेरोव्हार' म्हणतात.

याचा उपयोग काय?

उपचारानंतर त्रास परत आला आणि सेरोव्हार वेगळा निघाला, तर औषध फसलं नसून नवा संसर्ग झालाय असा अंदाज बांधता येतो. पण नवरा-बायकोत एकच सेरोव्हार सापडला म्हणून कोणी कोणाला दिला हे सिद्ध होत नाही. तोच सेरोव्हार गावात इतरांतही असू शकतो. भांडणात पुरावा म्हणून नाचवायची ही गोष्ट नाही.

क्लॅमिडियात मात्र प्रकारावर उपचार ठरतो. ए ते सी डोळ्यांच्या खुपऱ्यांचे, डी ते के जननेंद्रियांचे आणि एल१ ते एल३ जांघेत गाठी आणणारे. डी ते के प्रकारांना डॉक्सिसायक्लिन ७ दिवस पुरतं, एल प्रकारांना २१ दिवस लागतं.

कोल्हापुरात ही तपासणी होते का?

रोजच्या उपचारात सेरोटायपिंग होत नाही. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणं पाहून रंगानुसार ठरलेली औषधांची किट मोफत मिळतात. स्राव असेल तर राखाडी, जांघेत गाठ असेल तर काळं, त्यात २१ दिवसांचा तोच डॉक्सिसायक्लिनचा कोर्स. संशोधनातही आता अँटीबॉडीची जागा बरीचशी जनुकीय तपासणीने घेतली आहे.

सिफिलिसचा जंतू तर लॅबमध्ये सहजी वाढतच नाही, त्यामुळे त्याचं असं टायपिंग रूढ झालं नाही. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आली तर प्रकार शोधत बसू नका. गरोदर असाल तर पेनिसिलिनचं इंजेक्शन वेळेत घेणं बाळासाठी महत्त्वाचं, आणि जोडीदाराचीही तपासणी त्याच वेळी करून घ्या.