मतभेद आणि श्रवण

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. नदी ओलांडली की जालना जिल्हा लागतो, आणि जालना शहराजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत आहे. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविली. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाची हकीकत सांगू लागले म्हणजे या गावाचे नाव आरंभीच घ्यावे लागते. परंतु गाव वसविणाऱ्या पुरुषाची स्वतःची हकीकत मुंबईस सुरू झाली, आणि ती एका दुभंगलेल्या घराची हकीकत आहे.

१८४३ साली नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्या वेळी अल्पवयीन होता. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने श्रीपतला बापाच्या स्वाधीन केले. मात्र बापाच्या घरी आला म्हणून तो जातीत आला, असे नव्हते. मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्लेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे की घेऊ नये, यावर मोठे रण माजले. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. त्या गदारोळात बोलणारे पुष्कळ होते; मुलाचे मन काय म्हणते हे विचारणारे किती होते, हा प्रश्न वेगळा. थोरला भाऊ परतला नाहीच. तो पुढे गोदाकाठी आला.

पन्नास वर्षांनी असाच प्रसंग दुसऱ्या घरावर आला, पण त्याचा शेवट निराळा झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नी दूर राहिली. नंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या, तरी आपला धर्म व सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. टिळकांचा स्वभाव शीघ्रकोपी, लक्ष्मीबाईंचा हट्ट तसाच जबर. वादाला तोटा नव्हता. असे असूनही पत्नीने बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, तिची तिला खात्री पटल्यानंतर. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ठाऊकच आहे की, त्या घरास जे तारले ते मतैक्य नव्हे. मतैक्य फार उशिरा आले. तोवर परस्परांचे ऐकून घेण्यावरच ते घर टिकले.

या दोन जुन्या हकीकती येथे काढण्याचे कारण असे की, महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजापुढे गेल्या काही दशकांत जो प्रश्न उभा राहिला, त्याचे घरातील रूप याहून फारसे वेगळे नाही. प्रश्न समलिंगी व्यक्तींचा. पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी ओढ वाटते. तो मुलगा वा ती मुलगी उपासनेस येते, प्रभुभोजन घेते, आणि एके दिवशी आईबापांपुढे मन उघडे करते. पुढे काय? ज्या समाजाच्या आजेपणजांना, अंतःकरणास जे नाकारता आले नाही त्यापायी, नातलगांनी घराबाहेर काढले, त्याच समाजातील आईबाप आज उंबरठ्याच्या आतल्या बाजूस उभे आहेत. ही तुलना सर्वांशी जुळत नाही हे खरे. बाप्तिस्मा हा निश्चयाने घेतला जातो, ही ओढ कोणी निश्चयाने घेत नाही. परंतु त्यामुळे बाहेर काढणाऱ्याची बाजू बळकट न होता अधिकच लंगडी पडते.

शास्त्रवचनांचा आधार दोन्ही पक्ष घेतात. लेवीय ग्रंथातील निषेध व रोमकरांस पत्रातील पहिला अध्याय यांकडे एक पक्ष बोट दाखवितो. दुसरा पक्ष म्हणतो की, सदोम नगरीचे पाप कोणते हे यहेज्केल संदेष्ट्याने सांगितले आहे, आणि तेथे गर्व, सुबत्ता व दीनदुबळ्यांची उपेक्षा यांचा उल्लेख प्रथम येतो. हा वाद विद्वानांनी वर्षानुवर्षे चालविला आहे व तो इतक्यात मिटण्याची चिन्हे नाहीत.

कायद्याने मात्र या वादाचा निकाल फार पूर्वी लावून टाकला होता. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३३ साली, अशा संबंधांस देहान्ताची शिक्षा ठरली. तोवर जे पाप धर्मपीठापुढे चाले, ते राजाच्या न्यायालयात गुन्हा होऊन आले. त्याच परंपरेतून भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम निघाले. संहिता १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. निसर्गक्रमाविरुद्ध ठरविलेल्या संबंधास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, अशी शिक्षा तीत होती. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्याचा दंडकायदा स्वतंत्र. म्हणजे मेकॉलेची संहिता बीड जिल्ह्यास लागू झाली ती १९५१ साली, इंग्रज निघून गेल्यावर चौथ्या वर्षी! इतिहास असे विनोद अधूनमधून करतो.

इंग्लंडात स्वतः आंग्लिकन चर्चमधील काही मंडळींनीच पाप आणि गुन्हा यांची फारकत करावी असा आग्रह धरला. डेरिक शेर्विन बेली या धर्मोपदेशकाने १९५५ साली या विषयाच्या ख्रिस्ती परंपरेवर ग्रंथ लिहिला; १९५७ साली वुल्फेंडन समितीचा अहवाल आला; कॅंटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्सी यांनी उमरावांच्या सभेत सुधारणेस पाठिंबा दिला, आणि १९६७ साली इंग्लंड व वेल्समध्ये कायदा बदलला. रॅम्सी यांनी त्या आचरणास निर्दोष म्हटले नव्हते. ते पाप आहे असे मानूनही त्यासाठी माणसास तुरुंगात घालू नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

१९९८ साली जगभरचे आंग्लिकन बिशप लॅंबेथ परिषदेस जमले. नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हेही या परिवाराचे घटक आहे, आणि मराठवाड्यातील ज्या मंडळ्या त्यात सामील आहेत त्यांच्यापर्यंत या परिषदेचा धागा पोहोचतो. तेथे ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठराव झाला. समलिंगी आचरण पवित्र शास्त्राशी विसंगत आहे, असे त्याने म्हटले. आणि त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याची बांधिलकीही बिशपांनी स्वीकारली. पुढील वर्षांत प्रत्येक पक्षाने आपल्या सोयीचे वाक्य तेवढे उचलले. पहिले वाक्य सांगणारे दुसरे विसरले, दुसरे सांगणारे पहिल्यावरून घाईने पुढे गेले. खरी अवघड गोष्ट दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणण्याची होती.

भारतात हा विषय ऐरणीवर आला तो आजाराच्या वाटेने. एच.आय.व्ही.चा प्रतिबंध करणाऱ्या नाझ फाउंडेशनने २००१ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. कायद्याच्या भीतीने माणसे लपून राहतात आणि उपचार त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे तिचे गाऱ्हाणे होते. २ जुलै २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा (हे मूळचे सोलापूरचे) आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खाजगी संबंधांपुरते ते कलम घटनाबाह्य ठरविले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे गेले त्यांत इतर धर्मीयांबरोबर अपॉस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या ख्रिस्ती संस्थाही होत्या. त्यांस दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण समाजाची नीती कायद्याच्या आधारावाचून ढासळेल, ही त्यांची धास्ती मनापासूनची होती, असे मानल्यावाचून या वादाचा उलगडा होत नाही.

याच काळात नागपूरच्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत, जिच्या छत्राखाली देशातील अनेक प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चेस येतात, निराळे काम चालू होते. एच.आय.व्ही.बाधितांसाठी परिषद जे कार्य करीत होती, त्यातून तिचे कार्यकर्ते या माणसांच्या प्रत्यक्ष सहवासात आले. रोग्याच्या खाटेशी बसणाऱ्याला त्याची कहाणी ऐकावीच लागते. परिषदेने चर्चासत्रे भरविली, धर्मशिक्षकांसाठी अभ्याससाहित्य तयार केले. घटक चर्चेसचे एकमत झाले नाही, परंतु ज्या शब्दाचा उच्चार मंडळीत होत नव्हता त्याचा उच्चार होऊ लागला.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरविला. त्या वेळी मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी जी भूमिका घेतली ती अनेकांस अनपेक्षित वाटली. समलिंगी विवाहास कॅथॉलिक चर्चचा विरोध आहे हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण समलिंगी व्यक्तींस चर्चने कधी गुन्हेगार मानलेले नाही आणि त्यांच्या माणूसपणाची प्रतिष्ठा इतर कोणाहून कमी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

याहून लहान, म्हणून कोणाच्या फारशी ध्यानात न राहिलेली गोष्ट त्यांच्याच कारकिर्दीत घडली. धर्मोपदेशकांच्या बोलण्यात समलिंगी व्यक्तींविषयी जी भाषा येते तिच्याविरुद्ध या व्यक्तींच्या एका गटाने कार्डिनलांकडे तक्रार केली. कार्डिनलांनी मजकूर वाचला आणि तक्रारीत तथ्य आहे असे मान्य केले. निराळी ओढ आहे एवढ्यावरून कोणास पापी म्हणणे चूक आहे, प्रवचनात व जाहीर बोलण्यात शब्द जपून वापरले पाहिजेत, आणि आपण आपल्या धर्मगुरूंस तशी सूचना देऊ, असे ते म्हणाले. सिद्धान्ताचा एक कानामात्राही त्यात बदलला नाही. ज्यांनी तक्रार केली त्यांतील कित्येकांस हे पुरेसे वाटले नसेल, आणि तसे वाटण्याचा त्यांस हक्क आहे. ज्याच्या संसारास मान्यता नाही त्याला नुसत्या गोड शब्दांनी किती दिवस समाधान मानावयास सांगावे? तथापि रविवारी सकाळी आईशेजारी बाकावर बसलेल्या विशीतल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर व्यासपीठावरून येणारा एक शब्द गळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. घरी गेल्यावर आई त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलेल, हे पुष्कळदा त्या व्यासपीठावर ठरते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ३७७ व्या कलमाचा तो भाग रद्द केला. ख्रिस्ती संस्थांपैकी काहींनी याही वेळी विरोध नोंदविला होता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाच्या मान्यतेची मागणी न्यायालयाने फेटाळली. त्याच वर्षी डिसेंबरात रोमने समलिंगी जोडप्यांस, विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा बेताने, आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंस दिली, आणि त्यावरून नवे वादंग उठले. २०२२ च्या लॅंबेथ परिषदेत १९९८ चा ठराव पुन्हा निघाला होता. काही आफ्रिकी चर्चेसचे बिशप आलेच नाहीत. जे आले त्यांतील काहींनी प्रभुभोजन घेण्याचे टाळले. त्या निवेदनावर मात्र या खेपेस मतदान झाले नाही.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली. ३७७ च्या जागी तीत दुसरे कलम घातलेले नाही. १९५१ साली बीड जिल्ह्यात आलेले ते कलम त्र्याहत्तर वर्षांनी पुस्तकातून गेले.