अचूकता नेमकी कुठे मोजली? लॅम्बटनपासून एमआरआयच्या खोलीपर्यंत

संशोधनाला लागलात की पहिल्याच सेमिनारला 'ॲक्युरसी किती?' असं कोणीतरी विचारतंच. त्याआधी तुम्ही स्वतःला विचारा: ती मोजली कुठे?

मांजरसुंब्याच्या घाटमाथ्यावरून 10 किलोमीटरवरच्या टेकडीची दिशा घ्या. कोन एका अंशाने चुकला, तर तिथे पोचेपर्यंत सुमारे 175 मीटरचा फरक पडतो. उभं राहिलात तिथे मात्र काहीच चुकलेलं दिसत नाही. विल्यम लॅम्बटनला ही अडचण पुरती ठाऊक होती. 1802 मध्ये त्याने मद्रासजवळ साखळीने एक पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत निघाला. 1804 मध्ये बंगळूरजवळ दुसरी रेषा पुन्हा साखळीने मोजली. त्रिकोणांवरून काढलेली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी यांतला फरक चार इंचांच्या आत निघाला. त्रिकोण आपसात जुळले एवढ्यावर समाधान न मानता त्याने दूरच्या टोकाला जाऊन तपासलं. हेच काम करत उत्तरेकडे येताना 1823 मध्ये तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला.

ऑप्टिकल ट्रॅकिंगमध्येही हाच हिशोब असतो. दोन कॅमेऱ्यांमधलं ठाऊक अंतर ही पायारेषा, आणि अवजारावरचे मार्कर म्हणजे टेकडीवरची निशाणं. 1994 मध्ये बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात शस्त्रक्रियेसाठी उघड्या रचनेचं एमआरआय यंत्र बसलं. तिथे हातातल्या अवजाराची जागा ऑप्टिकल ट्रॅकिंगने कळायची. 2008 मध्ये कॅलगरीत 'न्यूरोआर्म' रोबोच्या मदतीने मेंदूतली गाठ काढली गेली. साध्या मोटरमध्ये चुंबक असतं, म्हणून त्यात पिझोइलेक्ट्रिक मोटर वापरल्या होत्या.

आता खरी गोम बघा. कॅमेऱ्याला अवजार दिसतं, गाठ दिसते ती एमआरआयच्या चित्रात. दोन्ही नकाशे काही ठरलेल्या खुणा जुळवून एकत्र आणायचे, याला रजिस्ट्रेशन म्हणतात. खुणा किती जुळल्या, ती चूक पडद्यावर दिसते. सर्जनला हवी असते गाठीपाशी होणारी चूक. 1998 मध्ये फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर यांनी या दुसऱ्या चुकीचा अंदाज देणारं सूत्र मांडलं: खुणांच्या मध्यापासून लक्ष्य जितकं लांब, तितकी ती वाढते. 2009 मध्ये फिट्झपॅट्रिकने दाखवलं की या दोन चुकांचा एकमेकींशी सहसंबंधच नसतो. म्हणजे पडद्यावरचा छोटा आकडा बघून निश्चिंत व्हायचं नाही.

एमआरआयच्या खोलीत हे आणखी अवघड होतं. कॅमेरा चुंबकापासून दूर ठेवावा लागतो, बोगद्याच्या कडेने नजर अडते, आणि चित्र कडेला थोडं वाकतं. मार्करचा कोन एका अंशाने चुकला, तर 20 सेंटिमीटर पुढचं सुईचं टोक साडेतीन मिलिमीटर सरकतं.

म्हणून प्रयोग आखताना फँटममधल्या काही खुणा रजिस्ट्रेशनमधून मुद्दाम बाहेर ठेवा, शक्यतो लक्ष्याजवळच्या. चूक तिथे मोजा. आणि प्रबंधात आकड्याशेजारी तो कुठे मोजला, हेही लिहा. परीक्षक ते आधी शोधतात.