खाण नसलेलं कोळशाचं गाव : पूर्णा, घरातल्या आठवणी आणि कागद

परभणी जिल्ह्यात दगडी कोळशाची खाण नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, आणि कोळसा सापडतो तो त्याहून कितीतरी जुन्या गोंडवाना खडकांत. म्हणजे आपल्या गंगाखेडवरून जी गोदावरी वाहते, तीच पुढे तेलंगणात मंचेरियाल-रामगुंडमकडे गेली की तिच्या खोऱ्यात कोळसा लागतो. नदी एकच, पण कोळसा त्यांच्या वाट्याला आणि कापूस-ज्वारी आपल्या वाट्याला.

तरीसुद्धा जिल्ह्यातल्या पूर्णा गावात एखाद्या सत्तरीतल्या माणसाला लहानपणाबद्दल विचारून बघा. दहा मिनिटांच्या आत कोळसा येतोच. धुराने काळे पडलेले वाळत घातलेले कपडे, रात्री-अपरात्री दार वाजवून ड्युटीचं बोलावणं घेऊन येणारा कॉलमन, शेडचा भोंगा, रुळांच्या कडेला वेचलेला अर्धवट जळालेला कोळसा. खाणीच्या गावातली माणसं बालपण सांगतात ते जवळजवळ असंच असतं. म्हणून मी पूर्ण्याला कोळशाचं गाव म्हणतो. इथे कोळसा निघत नव्हता, जळत होता.

पीएच.डी.च्या तयारीत असलेले बरेच जण मला विचारतात, "सर, आमच्या घरातल्या आठवणींवर संशोधन होतं का?" (सर म्हणू नका, मी अजून विद्यार्थीच आहे.) होतं. पण 'आजोबा सांगायचे' इथपासून प्रबंधापर्यंतच्या वाटेत खाचखळगे बरेच आहेत. ते पूर्ण्याच्या उदाहरणावरून सांगतो.

आधी पार्श्वभूमी. १८७१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या डॉ. विल्यम किंग यांना निजामाच्या राज्यात येल्लंदूजवळ कोळसा सापडला. १८८६ मध्ये इंग्लंडात हैदराबाद (डेक्कन) कंपनी उभी राहिली, तिने खाणीचे हक्क घेतले आणि १८८९ पासून कोळसा निघू लागला. हीच कंपनी १९२० मध्ये सिंगरेणी कॉलरीज झाली. खाणी पुढे बेल्लमपल्ली, कोत्तागुडेमपर्यंत पसरल्या. त्या काळी आपला परभणी जिल्हा त्याच राज्यात होता, हे विसरू नका. १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. त्यामुळे आज जो कोळसा 'परराज्यातला' वाटतो, तो आपल्या पणजोबांच्या वेळी राज्यातलाच होता.

१९०० च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड ही हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. ती मीटरगेज होती, आणि येल्लंदूच्या खाणीकडून येणारी लाईन ब्रॉडगेज. याचा अर्थ लक्षात घ्या. जिथे गेज बदलतं तिथे डब्यातला सगळा माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो, आणि तो भरणार माणूस. खाणीतला कोळसा आपल्याकडच्या इंजिनाच्या पोटात जाईपर्यंत किती डोक्यांवरून, किती टोपल्यांतून गेला असेल याचा अंदाज करा. १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. मग शेड, क्वार्टर, कॉलनी, बाजार. शेतीच्या मुलखात पगाराचं एक गाव तयार झालं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घरात सांगितलेली गोष्ट आणि कागदावरची नोंद जुळत नाही, तेव्हा काय करायचं?

मुलाखतींमध्ये मला सारखं ऐकू येणारं एक वाक्य आहे : "आमचे वडील निजामाच्या रेल्वेत लागले." सर्व्हिस बुक किंवा पेन्शनचे कागद घरात असतील तर पुष्कळदा दिसतं की माणूस लागलाय १९५३ ला, नाहीतर ५८ ला. तेव्हा निजामाची रेल्वे कुठे होती? हिशेब सरळ आहे. १९३० पर्यंत ती कंपनीची 'गॅरंटीड स्टेट रेल्वे', त्या वर्षी राज्याने ती विकत घेतली, ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली. नांदेड विभाग तर २००३ चा. लोकांच्या तोंडी 'निजामाची', 'सेंट्रल', 'साउथ सेंट्रल' असे शब्द येतात. ते नीट ऐकले तर तारीख न विचारताही काळ बऱ्यापैकी लागतो.

पण मग '५३ ला लागलेला माणूस निजामाचा कसा? इथे घाईचा संशोधक 'निवेदकाची स्मृती सदोष' असं लिहून मोकळा होतो. तुम्ही तसं करू नका. एलेसान्द्रो पोर्तेली या इटालियन अभ्यासकाचं काम यासाठी वाचाच. तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी पोलिसांच्या गोळीबारात मेला. पण गावातली पुष्कळ माणसं तो १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळी मेला असं सांगायची. पोर्तेलींनी चूक दुरुस्त करून विषय संपवला नाही. लोकांनी ते मरण चार वर्षं पुढे का सरकवलं, हाच त्यांचा प्रश्न झाला. याच पोर्तेलींनी पुढे अमेरिकेतल्या हार्लन या कोळसा खाणीच्या परगण्यातल्या आठवणींवर मोठं पुस्तक केलं. आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं काम केलंय, तेही हाताशी ठेवा.

आमच्या वाक्यालाही तोच प्रश्न विचारायचा. मला जे दिसतं ते असं : या घरांसाठी मोठी घटना रेल्वे कोणाची होती ही नव्हतीच. मोठी घटना होती गाव सोडणं. ज्यांच्या वाट्याला गावकीची कामं आणि वेठ होती, त्या घरातला एक माणूस उठून दरमहा पगाराच्या जागी गेला, ठरलेल्या तासांचं काम करू लागला, पोरांना शाळेत घातलं. एवढा मोठा बदल सांगायला 'मध्य रेल्वे, चतुर्थ श्रेणी' हे शब्द अपुरे पडतात. म्हणून तो त्या मुलखातल्या सगळ्यात मोठ्या नावाला बांधला जातो. हे माझं अनुमान आहे, सिद्धांत नाही. तुमच्या मुलाखतींत वेगळं निघालं तर वेगळं मांडा.

काळ लावायच्या खुणा आणखी आहेत, आणि त्या घरातच सापडतात. पगार 'हाली' होता की 'कलदार', हे विचारा. हाली म्हणजे निजामाचा उस्मानिया सिक्का, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. हालीतला पगार आठवत असेल तर गोष्ट पन्नाशीच्या दशकाच्या मध्याच्या अलीकडची नाही. जुन्या कागदावर फसली सन असेल तर त्यात ५९० मिळवा. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. महिन्यांची नावं आजूर, दय, बहमन अशी दिसली की घाबरून जाऊ नका. पुढच्या काळासाठी पोलीस ॲक्शन, ७२ चा दुष्काळ आणि सुकडी, ७४ च्या मे महिन्यातला रेल्वे संप. "तेव्हा तुमचं वय काय?" यापेक्षा "सुकडी खाल्ल्याचं आठवतं का?" हा प्रश्न जास्त काम करतो.

दोन शब्दांनी मात्र सांभाळून राहा. एक 'खदान'. "आमचे काका खदानीवर गेले" म्हटलं की आपण लगेच बल्लारपूर, घुग्घुस नाहीतर बेल्लमपल्ली डोळ्यांसमोर आणतो. पण मराठवाड्यात दगडाच्या खाणीलाही खदानच म्हणतात, आणि रुळाखाली टाकायची खडी अशाच खदानीतून येते. कुठली खदान, काय निघायचं तिथून, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरा शब्द 'कोळसा' हाच. लोणारी कोळसा लाकडाचा, इंजिनाचा कोळसा दगडी. "आम्ही कोळसा विकायचो" या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळे संसार असू शकतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. सर्व्हिस बुक कोणाचं असतं? कायम नोकरीवाल्याचं. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी यांची नोंद मिळते. पण कोळशाचा ढीग रचणं, टोपल्या भरभरून इंजिनापर्यंत पोचवणं, खड्ड्यातली गरम राख उपसणं, ही कामं रेल्वेत ठिकठिकाणी कंत्राटदाराच्या माणसांकडून करून घेतली जायची. ती माणसं रोजंदारीवर. मस्टर कंत्राटदाराकडे, आणि कंत्राट संपलं की ते मस्टर कोण जपून ठेवणार? म्हणजे कोळशाला सगळ्यात जास्त हात ज्यांनी लावला, तेच कागदावर सगळ्यात कमी आहेत.

त्यांच्याही खाली आणखी एक थर आहे, बाया आणि पोरांचा. इंजिनातून झाडून टाकलेल्या राखेत अर्धवट जळालेला कोळसा असतो. तो वेचायचा, घरी शेगडीला वापरायचा, उरला तर विकायचा. भुकटीत माती आणि शेण कालवून गोळे वळायचे, उन्हात वाळवायचे. माझ्याशी बोललेल्या एका आजींना वय सांगता येत नाही, पण राख किती गार झाली की हात घालायचा हे त्या आजही बोटं हलवून दाखवतात. हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांना विचारलं, "तुम्ही काय काम करायचात?" उत्तर आलं, "मी कुठं काम केलं बाबा, घरीच होते."

हे उत्तर तसंच्या तसं टिपून ठेवा. जनगणनेच्या माणसालाही बहुधा असंच उत्तर मिळालं असणार.

मग या पोरांची नोंद कागदावर कुठेच मिळत नाही का? मिळण्याची शक्यता एका ठिकाणी आहे, आणि तिथे नाव वेगळं आहे. १९५५ मध्ये रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याबद्दल कायदा झाला, १९६६ मध्ये त्याच्या जागी जास्त व्यापक कायदा आला. रेल्वेच्या हद्दीतला कोळसा ही रेल्वेची मालमत्ता. म्हणजे घरात जे 'वेचणं', ते फायलीत 'चोरी'. समजा, उद्या तुम्हाला कोर्टाच्या जुन्या दप्तरात कोळसाचोरीचे खटले सापडले आणि तुम्ही त्यांचा तक्ता करून 'पूर्ण्यातील गुन्हेगारी' असं प्रकरण लिहिलंत. आकडे सगळे बरोबर असतील. आणि त्या आजी तुमच्या प्रबंधात गुन्हेगार म्हणून बसतील, त्याही त्यांच्याच गावच्या पोराच्या हातून.

म्हणून कागद हाती आला की पहिला प्रश्न 'खरं काय' हा नको. हा कागद कोणी, कशाची मोजदाद करायला केला होता, हा प्रश्न आधी. रेल्वे कायम माणसं मोजत होती, कंत्राटदार टोपल्या, कोर्ट पोती. घरातली आठवण काय मोजते? चूल किती दिवस पेटली ते. चारही हिशेब शेजारी-शेजारी ठेवले, तरच त्या गावाचं पोट कसं चालायचं हे दिसायला लागतं.

थोडं व्यवहाराचं. १९५१ आधीचं बरंच सरकारी दप्तर हैदराबादला, तारनाक्याच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात शोधावं लागतं, आणि त्यात उर्दू-फारसी भरपूर. उर्दू लिपी शिकायला आत्ताच लागा. सहा महिन्यांत अडखळत का होईना वाचता येतं, आणि मराठवाड्याच्या इतिहासात उर्दू न येता काम करणं म्हणजे अर्धं दार उघडून आत डोकावणं. मुलाखतीत परवानगी आधी घ्या, रेकॉर्डिंग कुठे वापरणार ते साध्या भाषेत सांगा. कोळसा वेचण्याच्या, पकडलं जाण्याच्या गोष्टी आल्या तर नाव बदला, गल्लीचं नावसुद्धा लिहू नका. नातवंडं आज शिकून मोठी झालेली असतात. आजीला त्या दिवसांची लाज नसते, कधीकधी त्यांना असते. दोघांचाही मान राखावा लागतो.

आणि उशीर करू नका. मनमाडकडची लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, अकोल्याकडची २००८ मध्ये. वाफेची इंजिनं त्याच्याही आधी गेली. ज्यांनी कोळशाला हात लावला ती शेवटची पिढी आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. आराखडा मंजूर होईपर्यंत थांबलात तर वर्ष-दोन वर्षं त्यातच जातील. मुलाखत आज घ्या, सैद्धांतिक चौकट नंतर बसवा. गाईडना हे पटणार नाही कदाचित, माझ्याही गाईडना पटायला वेळ लागला.

जाताना प्रश्नाबद्दल एवढंच. "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा" असं विचारलंत की माणूस भाषण देतो. त्याऐवजी विचारा : तुमच्या घरी शेगडी कोण पेटवायचं? कोळसा कोण आणायचं? कुठून? संपला तर उसना कोणाकडे मागायचा? मग बाजूला बसलेली आजी, जी इतका वेळ "यांनाच विचारा" म्हणत होती, ती बोलायला लागते. रेकॉर्डर तिच्याकडे सरकवा.