पाहुण्याचा नाद

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर पोलादपूरहून आलेल्या एका शिक्षकांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, पियानोच्या तारांत स्क्रू खुपसायचे आणि त्याला संगीत म्हणायचं? आम्ही लोकांनी हे ऐकून करायचं तरी काय?" प्रश्न रास्त होता. गर्दीचं निमित्त करून आम्ही तेव्हा निसटलो. आज त्याकडे वळू.

१९६४ सालचा ऑक्टोबर. आम्ही महाडला शाळेत होतो आणि मुंबईत कोण आलं, कोण गेलं, याचा इथे पत्ताही नसे. त्या महिन्यात मर्स कनिंगहॅम यांची अमेरिकन नृत्यमंडळी जगाच्या दौऱ्यात मुंबईला आली. संगीताला जॉन केज आणि डेव्हिड ट्यूडर. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना रॉबर्ट राउशेनबर्ग यांची. त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालेले. यांची रीत विचित्र होती. नाच वेगळा बसवायचा, संगीत वेगळं रचायचं, नेपथ्य तिसऱ्याच ठिकाणी. तिघांत सामायिक काय, तर फक्त वेळ. 'स्टोरी' नावाच्या रचनेसाठी तर राउशेनबर्ग त्या त्या गावात हाताला लागेल त्या वस्तूंतून नेपथ्य नव्यानं उभं करत.

अशा पाहुण्याला उत्तर काय द्यायचं? हसून मोकळं व्हायचं, ही एक तऱ्हा. दुसरी जास्त सभ्य, आणि आमच्या मते जास्त घातक: "यात नवीन काय? हे आमच्याकडे होतंच."

या दुसऱ्या उत्तराला आधार नाही असं नाही. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. पखवाज शिकलेल्या बाई. पाश्चात्त्य संगीताच्या लोंढ्यात आपलं संगीत वाहून जाईल, ही त्यांना धास्ती होती. आता बघा, धास्ती वाटली म्हणून त्यांनी दार लावून घेतलं नाही. ते संगीत शिकायलाच त्या गेल्या. केजनी फी घेतली नाही. मी तुम्हाला आमचं शिकवतो, तुम्ही मला तुमचं शिकवा, असा सौदा ठरला. पुढे आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून केजना नवरस भेटले. चार उजळ, चार काळवंडलेले आणि मध्यभागी शांत. त्यातून १९४६ ते १९४८ या काळात 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' हा वीस तुकड्यांचा संच झाला. तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर अडकवलेल्या पियानोसाठी! आमच्या शिक्षकांचा स्क्रू तो हाच. कोणता तुकडा कोणत्या रसाचा, हे मात्र केजनी सांगितलं नाही. भरतमुनी आठ रस सांगतात. नववा शांत अभिनवगुप्तांनी नेटानं मांडला. केजच्या मांडणीत तोच मध्यभागी आहे.

म्हणून मग आपली छाती फुगते. पण जरा थांबा. १९५१ च्या सुमारास केज हार्वर्डमध्ये प्रतिध्वनीरहित खोलीत बसले आणि तिथेही त्यांना दोन आवाज ऐकू आले. ते तुमच्याच शरीरातले आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं. आमचे काही मित्र लगेच म्हणतात, "अनाहत नाद!" छे. अनाहत म्हणजे आघाताविना उमटणारा, योग्याला साधनेनं गवसणारा. केजना सापडला तो देह, आणि निष्कर्ष साधाच: निःशब्दता नावाची वस्तूच नाही. १९५२ मध्ये वुडस्टॉकला ट्यूडर पियानोसमोर साडेचार मिनिटं काही न वाजवता बसले. लोकांना ऐकू आला तो वारा, छपरावरचा पाऊस आणि त्यांचीच कुजबुज. यात मोक्ष शोधायला गेलं की पाऊस ऐकायचा राहून जातो.

आता घरचं उदाहरण. महाशिवरात्रीच्या उत्सवातला वीरेश्वराचा छबिना तुम्ही पाहिलाय. गावोगावच्या पालख्या येतात, सासनकाठ्या नाचतात. ज्याचा त्याचा खालूबाजा. एकाची सनई दुसऱ्याच्या ढोलावर चढते, तिसऱ्याची टिमकी मधूनच घुसते. सगळ्यांना मिळून हात दाखवणारा कोणी नसतो, आणि गोंगाट झाला म्हणून कोणी उठून जात नाही. तेव्हा आपल्या कानांना असं ऐकणं परकं नाही, एवढं म्हणता येईल. पण "छबिना म्हणजेच केज" असं आम्ही म्हणणार नाही. त्या गर्दीत विन्हेऱ्याचा माणूस आपल्या झोलाईच्या पालखीचा बाजा बरोबर ओळखतो आणि तिकडे धावतो. केजना हवा होता तो असा कान, जो कुठल्याच आवाजाला आपला म्हणत नाही. हा फरक लहान नाही, आणि आम्हाला स्वतःला धावणारा कान जवळचा वाटतो, हेही कबूल करतो.

गीताबाईंचा सौदा पुढे चालूच राहिला. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत ट्यूडर यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. मूग सिंथेसायझर तिथे आला, इथल्या लोकांनी त्यावर काम केलं. ध्वनिफिती पुढे वर्षानुवर्षं संस्थेत पडून राहिल्या. हे मात्र आपलं खास!

ते पोलादपूरचे शिक्षक गेल्या रविवारी घरी आले होते. सोनाटांपैकी पहिला त्यांना ऐकवला. ते बोटांनी टेबलावर मात्रा मोजत होते, दोनदा चुकले. मग चष्मा काढून म्हणाले, "सर, परत लावा."