जुन्या ध्वनिमुद्रण कन्सोलचे नूतनीकरण

ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात मधोमध पसरलेले, शेकडो खुंट्या आणि सरकत्या फेडरांनी भरलेले जे लांबरुंद मेज दिसते त्याला कन्सोल म्हणतात. मायक्रोफोनकडून येणारा मिलिव्होल्टांतला क्षीण संकेत वाढविणे, त्यातील खालच्या-वरच्या सुरांचे प्रमाण कमीजास्त करणे आणि अनेक चॅनेल एकत्र मिसळून मुद्रण यंत्राकडे पाठविणे, ही त्याची मुख्य कामे. १९९० च्या दशकापासून यातील बरेचसे काम संगणकाने उचलले आणि १९७० व १९८० च्या दशकांतील अॅनालॉग कन्सोल दुय्यम बाजारात येऊ लागले. असा कन्सोल विकत घेणाऱ्यापुढे पहिल्याच महिन्यात एक प्रश्न उभा राहतो. आतील इलेक्ट्रॉनिक घटक बदलावेत का, आणि बदलायचे तर किती? काहीच न केल्यास यंत्र मुद्रण चालू असतानाच दगा देते. आणि उत्साहाच्या भरात सारेच बदलले, तर ज्या आवाजासाठी पैसे मोजले तो आवाजच नाहीसा होण्याची भीती असते.

ही भीती अनाठायी नाही. लंडनमधील ईएमआयच्या अॅबी रोड स्टुडिओत १९६८ मध्ये व्हॉल्व्हवर चालणाऱ्या रेड-५१ कन्सोलच्या जागी ट्रान्झिस्टरचा टीजी १२३४५ बसविण्यात आला. चॅनेल वाढले, प्रत्येक चॅनेलवर कॉम्प्रेसरची सोय झाली. बीटल्सचा १९६९ चा ‘अॅबी रोड’ हा अल्बम मुख्यत्वे याच कन्सोलवर मुद्रित झाला. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना मात्र नव्या यंत्राचा आवाज आधीच्या मानाने मऊ वाटला, आणि या अल्बमचा पोत आधीच्या अल्बमांहून वेगळा लागण्यामागे हेही एक कारण असल्याचे त्यांनी पुढे सांगितले. तेच वादक, तीच खोली. बदलली ती मुख्यतः विद्युत मंडले.

दुरुस्ती आणि सुधारणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. झिजलेला घटक त्याच जातीच्या नव्या घटकाने बदलणे ही दुरुस्ती होय. मूळ आराखड्यापेक्षा सरस समजला जाणारा घटक बसविणे ही सुधारणा. पहिली टाळता येत नाही. दुसरीबाबत मतभेद आहेत आणि राहतील.

दुरुस्तीत अग्रक्रम लागतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा. अॅल्युमिनियमच्या डबीतील द्रव वर्षानुवर्षे हळूहळू सुकत जातो, धारिता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. त्यांच्या आयुष्याचा ठोकळेबाज नियम असा की, तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. ८५ अंश सेल्सिअसला २,००० तास अशी हमी असलेला कपॅसिटर ४५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे अखंड चालू ठेवल्यास साधारण पावणेचार वर्षे टिकावा. १०५ अंशांच्या जातीचा तितक्याच हमीचा कपॅसिटर त्याच तापमानाला १,२८,००० तास, म्हणजे साडेचौदा वर्षांहून अधिक. प्रत्यक्षात बरेच कपॅसिटर या हिशेबापेक्षा जास्त टिकतात. परंतु मोठे स्टुडिओ कन्सोल रात्रंदिवस चालूच ठेवतात, हे लक्षात घेतल्यास तीस-चाळीस वर्षांच्या यंत्रातील कपॅसिटर एकगठ्ठा का बदलावे लागतात, ते कळते. सुकलेल्या कपॅसिटरमुळे चॅनेलचा खर्ज पातळ होतो. गळालेल्यामुळे मुद्रित पट्टीवरील तांबे खाल्ले जाते, आणि हे नुकसान अधिक वाईट. टँटॅलमचे छोटे मणी सुकत नाहीत, पण कधीतरी अचानक शॉर्ट होतात आणि आपल्यासोबत वीजपुरवठ्याचा रोधकही जाळतात.

नवा कपॅसिटर बसविताना त्याची धारिता थोडी वाढविण्याचा मोह रास्त आहे. १० किलोओहमच्या भारापुढे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे १.६ हर्ट्झपाशी संकेत कापू लागतो. हे ऐकू येण्याच्या मर्यादेच्या खूप खाली असले, तरी एका चॅनेलपासून अंतिम निर्गमापर्यंत असे दहा-पंधरा कपॅसिटर ओळीने लागतात आणि त्यांचा परिणाम साचत जातो. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर विरूपण निर्माण करतो तो त्याच्या दोन टोकांमध्ये संकेताचा दाब पडू लागला की. धारिता मोठी ठेवली तर हा दाब पडतच नाही. ब्रिटनमधील साऊंडक्राफ्टचे एकेकाळचे मुख्य रचनाकार डग्लस सेल्फ यांनी आपल्या लेखनातून हा मुद्दा मोजमापांसह मांडला आहे. महागड्या ‘ऑडिओ’ छापाच्या कपॅसिटरांपेक्षा पुरेशा मोठ्या साध्या कपॅसिटराने अधिक काम भागते.

खरा वादाचा विषय म्हणजे ऑपरेशनल अॅम्प्लिफायर, कारागिरांच्या भाषेत ऑप-अॅम्प. १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने आणलेला ७४१ हा चिप सर्वत्र वापरला गेला, पण तो संथ होता. त्याच्या निर्गमाचा दाब एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्टच बदलू शकतो; त्यामुळे १० व्होल्ट शिखराचा संकेत ८ किलोहर्ट्झच्या वर गेला की तो तोकडा पडतो. झांजेचा किंवा तबल्याच्या चाटेचा मोठा आवाज अशा मंडलातून बोथट होऊन बाहेर पडे, तो याच कारणाने. असे चिप बदलणे निर्विवाद फायद्याचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून टीएल ०७२ आणि एनई ५५३२ आले आणि ही अडचण संपली. ५५३२ चा वेग मायक्रोसेकंदाला ९ व्होल्ट, म्हणजे त्याच संकेतासाठी १४० किलोहर्ट्झपर्यंत पुरणारा. त्यापुढे आणखी वेगवान चिप बसवून कानाला काय मिळते, हे सिद्ध करणे कठीण आहे.

टीएल ०७२ काढून तेथे ५५३२ बसविणे ही सर्वांत लोकप्रिय सुधारणा होय. दोघांच्या आठही पायांची मांडणी सारखीच, किंमत थोडी, लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सहज मिळणारा माल. कागदावर तर बाजी एकतर्फीच वाटते, कारण टीएल ०७२ ची अंगभूत खरखर ५५३२ च्या साडेतीन पट आहे. मात्र येथेच अनेक हौशी कारागिरांचा घात होतो. टीएल ०७२ ची एक डबी सुमारे २.८ मिलिअँपिअर प्रवाह घेते, ५५३२ ची ८ मिलिअँपिअर. ३२ चॅनेल आणि प्रत्येकात १२ डब्या धरल्या तर ३८४ डब्यांचा जादा प्रवाह जवळजवळ २ अँपिअर होतो. उणे १७ ते अधिक १७ व्होल्टांच्या पुरवठ्यावर ही ६८ वॅट जादा उष्णता झाली, आणि ती बंद पेटीच्या आत, नुकत्याच बदललेल्या कपॅसिटरांच्या शेजारी. मूळ वीजपुरवठा एवढ्या प्रवाहासाठी आखलेला नसेल तर तो काही दिवसांतच बसतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म. टीएल ०७२ च्या प्रवेशात जवळजवळ प्रवाहच जात नाही. ५५३२ मध्ये सुमारे २०० नॅनोअँपिअर जातो. तो १०० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरमधून गेला की तेथे २० मिलिव्होल्टांचा स्थिर दाब उभा राहतो आणि खुंटी फिरविताच खरखराट होतो. कारागीर खुंटी साफ करीत बसतो आणि दोष असतो चिपमध्ये. अशा जागी जुना टीएल ०७२ राहू देणेच शहाणपणाचे. याहून वेगवान चिपांबाबत, उदाहरणार्थ ५५ मेगाहर्ट्झ क्षमतेच्या एलएम ४५६२ बाबत, आणखी एक धोका असतो. जुन्या पट्टीवर चिपच्या अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नसेल तर चिप ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येला स्वतःच आंदोलू लागतो. आवाज ‘कडक’ लागतो, चिप तापतो, आणि ऑसिलोस्कोप लावल्याखेरीज कारण सापडत नाही.

तर मग चिप बदलण्याचा सर्वाधिक लाभ कोठे? मिश्रण वाहिनीवर. सर्व चॅनेल आपापल्या रेझिस्टरमार्फत एका बिंदूवर येतात आणि तेथील एकच अॅम्प्लिफायर त्यांची बेरीज करतो. ३२ चॅनेल जोडलेले असतील तर हा अॅम्प्लिफायर प्रत्येक चॅनेलचा संकेत आहे तेवढाच पुढे देतो, पण स्वतःची खरखर मात्र ३३ पट, म्हणजे ३० डेसिबल वाढवितो. फेडर खाली ओढलेले असले तरीही. १० किलोओहमचे रेझिस्टर धरून हिशेब केल्यास टीएल ०७१ असताना ही खरखर उणे ७९ डीबीयू येते आणि ५५३४ए बसविल्यावर उणे ९२ डीबीयू. शेकडो चिप बदलून जे मिळत नाही ते मोजक्या जागी दोन-चार चिप बदलून मिळते. तरीही बहुतेकजण सुरुवात पहिल्या चॅनेलपासून करतात.

मायक्रोफोन प्रवर्धकात मात्र निसर्गानेच मर्यादा घातली आहे. २०० ओहमचा कोणताही रोध, २० अंश सेल्सिअसला आणि २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, उष्णतेमुळे उणे १२९.७ डीबीयू इतकी खरखर निर्माण करतोच. चांगल्या स्थितीतील जुना प्रवर्धक उणे १२८ पर्यंत पोचत असेल, तर जगातील सर्वोत्तम चिप आणूनही पावणेदोन डेसिबलपेक्षा जास्त कमाई होणार नाही. बदल करणे भाग पडते ते चिपच मिळेनासा झाल्यावर. एसएसएम २०१७ या एकेकाळच्या लाडक्या चिपचे उत्पादन बंद पडले आणि त्याच्या जागी पायांची तीच मांडणी असलेला आयएनए २१७ बसवावा लागतो. बंद पडलेल्या चिपांच्या नावाने नकली माल विकला जातो, म्हणून ‘जुना शिल्लक साठा’ या शब्दांवर विसंबू नये.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या कन्सोलची गोष्ट वेगळी. रूपर्ट नीव्ह (१९२६-२०२१) यांचे १०७३ हे १९७० चे मॉड्यूल सुटे ट्रान्झिस्टर आणि २४ व्होल्टांच्या पुरवठ्यावर चालते, आणि त्याची ओळख त्याच्या प्रवेश-निर्गम ट्रान्सफॉर्मरांशी जोडलेली आहे. ते काढून आधुनिक चिप बसविणे म्हणजे सुधारणा नव्हे, विध्वंस. नीव्ह स्वतः एक प्रसंग वारंवार सांगत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एअर स्टुडिओला दिलेल्या कन्सोलच्या काही चॅनेलांचा आवाज वेगळा लागतो, अशी तक्रार वर उल्लेखिलेल्या जेफ एमरिक यांनी केली. तपासणीत आढळले की त्या चॅनेलांतील ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यावर योग्य भार जोडलेला नव्हता आणि ५४ किलोहर्ट्झपाशी ३ डेसिबलचा उंचवटा आला होता. माणूस २० किलोहर्ट्झच्या वरचे ऐकत नाही, असे पाठ्यपुस्तक सांगते. नीव्ह यांनी यातून काढलेला निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. पण ट्रान्सफॉर्मरवरचा एक रेझिस्टर विसरणे किती महागात पडते, याबद्दल दुमत नसावे.

वीजपुरवठा आणि अर्थिंग ही कामे दिसायला रूक्ष, म्हणून दुर्लक्षित. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने गुणगुण ऐकूनच निदान करता येते. ती ५० हर्ट्झची असेल तर अर्थिंगचा फेरा किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र, आणि १०० हर्ट्झची असेल तर पुरवठ्यातील गाळणीचे कपॅसिटर संशयित. शास्त्रीय संगीताच्या मुद्रणात ही गुणगुण फार बोचते. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो आणि १०० हर्ट्झची गुणगुण त्याच्या तीव्र मध्यम व पंचम यांच्या मधोमध, कोणत्याच सुरात न बसणारी अशी येते. संथ आलापीत ती लपविता येत नाही.

केबलच्या आवरणाची तार थेट धातूच्या चौकटीला न जोडता मंडलाच्या भूवाहिनीला जोडल्यास बाहेरचा उपद्रव संकेतात शिरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हा दोष ‘पिन एकची समस्या’ म्हणून उघड केला, आणि २००५ मध्ये सोसायटीने त्यावर मानकच काढले. त्याआधीच्या अनेक कन्सोलांत हा दोष आढळतो, आणि तो दुरुस्त करण्यास नवे चिप लागत नाहीत, तारांची फेरजोडणी पुरते. याच वेळी मायक्रोफोनला ४८ व्होल्ट पोचविणारे ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर तपासावेत. त्या दोहोंतील फरक ०.४ टक्क्यांच्या आत हवा.

जाणते कारागीर हे काम एका चॅनेलपासून सुरू करतात. आधी मूळ स्थितीतील खरखर, विरूपण आणि कंपनसंख्येचा आलेख मोजून वहीत टिपायचा, मग एकाच चॅनेलमध्ये बदल करून शेजारच्या न बदललेल्या चॅनेलशी तुलना करायची. ही तुलना करताना दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत सारखी हवी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. आणि कोणता चॅनेल चालू आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक नसावे. महिना-दोन महिने प्रत्यक्ष मुद्रणात टिकल्यावरच तो बदल इतर चॅनेलांवर जातो. चिप डाखण्याऐवजी सॉकेट बसविले तर परतीची वाट मोकळी राहते, मात्र दमट हवेत सॉकेटचे संपर्क गंजतात, त्यामुळे मुंबई किंवा पणजीसारख्या किनारपट्टीच्या शहरांत थेट डाख देणेच बरे. काढलेले मूळ चिप, ट्रान्सफॉर्मर आणि खुंट्या चॅनेलचा क्रमांक लिहून जपून ठेवले जातात. कन्सोल पुढे विकताना गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदा तीच पेटी मागते.